चतुराच्या पाण्यात अळी नव्हती

मी गावात शिरलो की कुत्री भुंकायची नाहीत, ती मला ओळखत. पोरं मात्र घरामागे पळायची. “रक्तवालो इलो रे!” अशी हाळी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायची आणि मी पोचेपर्यंत वाडीत फक्त म्हातारी माणसं उरायची. हिवताप विभागात आरोग्य सेवक म्हणून माझी सगळी नोकरी मालवण आणि कुडाळ तालुक्यांतल्या गावांत गेली. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप येऊन गेला का विचारायचं, आला असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. मसुऱ्याकडचे एक आजोबा दरवेळी डाव्या हाताची करंगळीच पुढे करत. “हेच बोट घे. बाकीची कामाची आसत,” म्हणत. दुसऱ्या एका गृहस्थांनी स्वतःच्या जागी गड्याला पाठवलं होतं. गडी ठणठणीत निघाला आणि गृहस्थ आठवडाभर अंथरुणात पडले.

कामाचा दुसरा भाग पाण्याचा. कुठेही पाणी साठलेलं दिसलं की त्यात डासांच्या अळ्या आहेत का ते बघायचं. त्यासाठी लांब दांड्याची पांढरी पळी असते. पळीभर पाणी उचलायचं, उन्हात धरायचं आणि अळ्या मोजायच्या. साध्या डासाची अळी पाण्यात तिरकी लोंबकळते. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडते, काडी तरंगावी तशी. ही आडवी अळी दिसली की समजायचं, आपलं काम सुरू झालं. मग औषध, तेल, नाहीतर गप्पी मासे. सापडलेल्या अळ्यांचा आकडा दर आठवड्याला नोंदवहीत लिहायचा, आणि काहीच नसेल तर ‘निरंक’ लिहून खाली सही करायची.

हे एवढं सांगितलं, कारण पुढची गोष्ट या पळीची आणि या सहीची आहे. गावाचं नाव लिहीत नाही. त्याचं एक कारण वाचताना कळेल. दुसरं कारण असं की त्या गावात आजही एक असा जीव राहतो, ज्याचा पत्ता छापून येऊ नये.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, कसालपासून आत असलेल्या त्या गावातल्या वरच्या वाडीत ताप सुरू झाला. चार दिवसांत सात माणसं आडवी झाली. झटपट तपासणीच्या पट्टीवर सातांपैकी पाच जणांचा हिवताप निघाला, तोही मेंदूपर्यंत जाणारा वाईट प्रकार. त्या पाचांत वाडीतल्या शेवंतीकाकीची लेक विद्या होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना लागलेला. मी तिचं रक्त घेतलं तेव्हा तिचा हात इतका तापलेला होता की मी तो पटकन सोडला. शेवंतीकाकी पंख्याने वारा घालत बसली होती. “परबा, काय होवचा नाय मां?” तिने विचारलं. मी म्हटलं, “औषध सुरू झालां आसा काकी. काय होवचा नाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वरिष्ठांचा फोन आला. ग्रामपंचायतीने ठरवलं होतं: वाडीच्या अंगाला जे पाणथळ आहे तेच डासांचं घर, उद्या सकाळी दहाला जेसीबी लावून चर मारायचा आणि सगळं पाणी व्हाळात, म्हणजे खालच्या ओढ्यात, सोडायचं. तोवर मी त्यावर तेल फवारून ठेवायचं.

ते पाणथळ मी बाहेरून अनेकदा पाहिलं होतं, आत कधी गेलो नव्हतो. सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, पायथ्याशी झऱ्याचं पाणी बारमाही झिरपतं आणि दोनेक गुंठ्यांची जमीन कायम भिजलेली राहते. वर गवत आणि शेवाळ दिसतं, पण पाय टाकला की सगळी जमीन गादीसारखी हलते. गुरं तिथे जात नाहीत. गावात त्याबद्दल कुणाला प्रेम नव्हतं. एकदा एक म्हैस रुतून मेली होती.

मी तेलाचा पंप पाठीवर घेऊन पोचलो, तेव्हा काठावर एक बाई उकिडवी बसली होती. चाळिशीची, पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या नेहा सामंत. गाव त्यांना चतुराची बाई म्हणत असे. दोन वर्षं त्या दर रविवारी इथे येऊन बसत.

“तुम्ही परब ना?” त्या उठल्या. “तेल टाकणार आहात?”

“हुकूम आहे बाई.”

“पाच मिनिटं द्या. एक दाखवते.”

मला राग आला. “बाई, वाडीत माणसं तापाने फणफणतायत. एक पोटुशी पोर आहे. तुम्ही मला चतुर काय दाखवताय?”

त्यांनी वाद घातला नाही. गवताच्या एका पात्याकडे फक्त बोट दाखवलं. मला आधी काही दिसेना. मग दिसलं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा एक चतुर पात्याच्या टोकावर बसला होता. शेपटी कुंकवासारखी लाल, पंख मुळाशी सोन्याचं पाणी दिल्यासारखे. बाजूला मादी होती, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, लांबून पाहणाऱ्याला गांधीलमाशीचं पिल्लू वाटावं अशी. आमच्याकडे पोरं चतुराला हेलिकॉप्टर म्हणतात. अशी दोन हेलिकॉप्टरं आगपेटीत मावली असती.

“हा आजवर कुठे नोंदलेला नाही,” बाई म्हणाल्या. “मी आजूबाजूची सगळी पाणथळं पालथी घातली. फक्त इथे आहे. एवढ्याशा जागेत. उद्या पाणी गेलं की संपला.” मग माझ्या हातातल्या पळीकडे बघून म्हणाल्या, “मी तुम्हाला दया करा म्हणत नाही. तुमच्याकडे पळी आहे. आधी मोजा. अळी सापडली तर मी स्वतः बाजूला होते.”

याला नाही म्हणता येईना. तेल टाकण्याआधी अळी मोजायची हा आमच्याच खात्याचा नियम.

मी बूट काढून आत शिरलो. गुडघ्यापर्यंत थंड, काळा चिखल. एकेक पळी उचलत गेलो. गवताच्या मुळाशी, शेवाळाच्या खळग्यात, कडेच्या डबक्यात. दहा, वीस, तीस, चाळीस. आडवी अळी एकही नाही. तिरक्याही जेमतेम दोन. इतकी वर्षं साठलेल्या पाण्यात पळी बुडवणारा मी, असं पाणी मला क्वचित भेटलं होतं.

बाईंनी माझ्या पळीतून एक मळकट, केसाळ किडा काढून पांढऱ्या वाडग्यात ठेवला. “हे त्याचं पिल्लू. पाण्यातलं.” मग रस्त्याकडेच्या गटारातून मी आणलेल्या पाण्यातली एक वळवळती अळी त्यांनी त्यात सोडली. किडा हलला नाही. अळी जवळून गेली मात्र, त्याच्या तोंडाखालून एक घडीचा हात सटकन बाहेर आला, त्याने अळीला धरलं आणि तो आत गेला. पुन्हा स्तब्ध. डोळ्यांची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे झालं. डासांच्या अळ्या मारण्यात नोकरी घालवलेल्या माणसाने, त्या खाणारा हा प्राणी तोवर नीट पाहिला नव्हता.

या पाण्यात अळी नव्हती ती फक्त चतुरामुळे, असं मी छातीठोक सांगणार नाही. बाईही तसं म्हणाल्या नाहीत. पाणी आंबूस होतं, सतत झिरपत होतं, तीही कारणं असतील. पण हिवतापाचा डास इथे वाढत नव्हता, एवढं माझ्या पळीने सांगितलं होतं.

मग तो वाढत होता कुठे?

मी काठावरच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, त्या बुटक्या भिंतीवर, बसलो आणि नोंदवही उघडली. आजारी घरं एकेक करून बघितली. पाणथळाला लागून असलेल्या तीन घरांत एकालाही ताप नव्हता. सातही रुग्ण वाडीच्या वरच्या टोकाचे होते. वरच्या टोकाच्या वर सडा, आणि सड्यावर दत्तूशेठची चिरेखाण. पावसात खाण बंद असते. चिरे कापून झालेले चौकोनी खड्डे पाण्याने तुडुंब भरतात. स्वच्छ, उघडं, उन्हातलं, न हलणारं पाणी. नवशिक्यालाही कळावं असं ठिकाण.

मी खाणीचं पान उलटलं. गेले तीन आठवडे तिथे लिहिलेलं होतं: निरंक. निरंक. निरंक. खाली माझी सही.

मी खाणीवर गेलोच नव्हतो.

पहिल्या आठवड्यात पाऊस लागला होता आणि चढणीची वाट निसरडी होती. गुडघे दुखत होते. बाजारात दत्तूशेठ भेटला. “परबांनू, कित्या चडतास? कालच तेल घातलंय मी,” म्हणाला आणि हॉटेलात चहा पाजला. मी चहा पिता पिता ‘निरंक’ लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात चहासुद्धा लागला नाही. तिसऱ्यात मी घरूनच लिहिलं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं. माझा चेहरा बदलला असावा.

“काही नाही. वर एक चक्कर मारून येतो.”

खाणीला तारेचं फाटक होतं, कुलूप लावलेलं. मी मागच्या करवंदीच्या जाळीतून शिरलो. शर्ट फाटला. सूर्य कलला होता आणि तिरपं ऊन थेट पाण्यात उतरत होतं. पहिली पळी उचलली. मोजायची गरज नव्हती. पांढऱ्या पळीत काड्या सांडल्यासारख्या आडव्या अळ्या. दुसरी पळी, तिसरी पळी, तेच. तेलाचा थेंबही कधी पडलेला नव्हता. पलीकडे पत्र्याच्या खोपीत पावसाळाभर राहिलेले चार बाहेरगावचे मजूर होते. त्यातला एक म्हणाला, गेल्या महिन्यात मला थंडी वाजून ताप यायचा, आपोआप गेला. त्याचं रक्त कुणी घेतलं होतं का? नाही. घेणारा मीच होतो आणि मी आलो नव्हतो.

मी तिथेच एका चिऱ्यावर बसलो. पाठीवर तेलाचा भरलेला पंप होता.

एक सरळ वाट समोर होती. आत्ता इथे तेल फवारायचं. गुपचूप. मजुरांना गोळ्या द्यायच्या. पंधरा-वीस दिवसांत ताप ओसरेल. तोवर पाणथळ सुकलेलं असेल, गाव म्हणेल बघा, दलदल काढली आणि ताप गेला. माझी सही कुणी बघणार नाही. दीड वर्षाने हार-नारळ घेऊन घरी. किंमत काय, तर नखाएवढा एक चतुर, ज्याचं नाव अजून कुणी ठेवलेलं नाही.

मी तेल फवारलं. मजुरांचं रक्त घेतलं. खाली उतरलो तेव्हा बाई वाट बघत उभ्या होत्या. “काही सापडलं?”

“नाही,” मी म्हटलं. आणि सायकल काढून घरी गेलो.

सकाळी नऊलाच विद्याला तापाचे झटके आल्याचं कळलं. रुग्णवाहिका तिला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन गोव्याच्या मोठ्या इस्पितळात गेली होती. शेवंतीकाकी कपड्यांची पिशवी भरून मागून एस्टीने जाणार होती. मी पाणथळावर पोचलो तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती. जेसीबी काठावर उभा होता. त्याचा चालक जमिनीवर पाय आपटून बघत म्हणत होता, “हयसर मशीन घातलंय तर तां काढूक दुसरां मशीन हाडूचां लागतलां.” सामंतबाई एका बाजूला वही घेऊन बसल्या होत्या. किती चतुर दिसतात ते मोजत होत्या. शेवटची मोजणी म्हणून असेल. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सरपंच वनिता घाडी समंजस बाई. त्यांनी मला विचारलं, “परबांनू, तुमी काल तपासलात मां? हयसर अळी आसा?”

“नाय,” मी म्हटलं. हे खरंच होतं.

लोकांत कुजबुज झाली. दत्तूशेठ पुढे आला. त्याने माझ्या काखेतली नोंदवही हक्काने घेतली आणि खाणीचं पान उघडून सगळ्यांसमोर धरलं. “हयसर नाय म्हणतत. बरां. मगे खंय आसा? माझ्या खाणीत? ही बगा परबांची सही. तीन आठवडे निरंक. सरकारी कागद आसा हो! मगे ऱ्हवला काय? ह्यो चिखलच मां? मारा रे चर!”

चालकाने इंजिन सुरू केलं. बकेट वर उचलली गेली.

आता लिहिताना मला स्वतःला शूर म्हणायचा मोह होतो, पण तसं काही नव्हतं. मला इतकंच दिसलं, की तो कागद माझ्यानंतरही राहणार. मी घरी बसेन, नवा माणूस येईल, वही चाळेल आणि म्हणेल, खाण स्वच्छ आहे, तिकडे चढायची गरज नाही. पुढच्या पावसात पुन्हा कुणाची तरी विद्या. आणि दत्तूशेठच्या हातात माझी सही अशी फडफडत होती की मला ती बघवेना.

“थांब!” मी ओरडलो. इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मी जाऊन बकेटच्या खाली उभा राहिलो. चालकाने शिवी हासडून इंजिन बंद केलं.

“खाणीत अळी आसा,” मी म्हटलं. “पळी घालशात थंयसर आसा. काल सांजच्याक मी बगलंय. आणि त्या सह्या...” मी दत्तूशेठच्या हातातल्या वहीकडे बोट केलं. “मी खाणीर गेलंयच नाय. तीन आठवडे. सही माझी आसा, पण ती खोटी आसा.”

दत्तूशेठ म्हणाला, “खुळावलो हो,” पण कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळे माझ्या मागे बघत होते. मी वळलो. शेवंतीकाकी रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात कपड्यांची पिशवी. तिने सगळं ऐकलं होतं.

ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “दर पंधरा दिसांनी माझ्या दारात येय होतंस तू.”

आणि एस्टी पकडायला निघून गेली.

मग आम्ही सगळे सड्यावर चढलो. आदल्या दिवशी पंपातलं तेल दोनच खड्ड्यांना पुरलं होतं. तिसऱ्या खड्ड्यात मी पळी घातली आणि ती हातोहात फिरली. सरपंचांनी स्वतः उन्हात धरून बघितली. त्यांनी दत्तूशेठला काही विचारलं नाही. चालकाला म्हणाल्या, “मशीन वयर घेवन ये. चर हयसर मारूचो आसा.” दुपारपर्यंत खाणीतलं पाणी उताराने निघून गेलं.

खाली उतरताना सामंतबाई माझ्या बरोबरीने चालत होत्या. “काल संध्याकाळी तुम्हाला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“होय.”

त्यांनी वही पिशवीत टाकली आणि त्या पावलं उचलून पुढे निघून गेल्या. मला ते बरं वाटलं नाही. चार शब्द सुनावले असते तर चाललं असतं.

वाडीतला ताप तीन आठवड्यांत आटोक्यात आला. माझी चौकशी झाली, ठपका आला, तो मी कबूल केला. दत्तूशेठ अजून मला ओळख दाखवत नाही, याची मला खंत नाही. विद्या वाचली. तिचं बाळ वाचलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अशा तापात असं होतं. मी पहिल्या आठवड्यात खाणीवर चढलो असतो तर झालं असतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. उत्तर मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पुढच्या वर्षी सामंतबाईंचा फोन आला. चतुराला शास्त्रीय नाव मिळणार होतं. त्यांच्या लेखात आभार मानायच्या यादीत माझं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. “ठीक,” त्या म्हणाल्या, “पण त्या दिवशीच्या चाळीस पळ्यांची मोजणी मी वापरतेय. ती कुणी केली ते लिहावं लागतं.” मी जरा थांबलो. मग म्हटलं, “ती लिहा. ते शून्य खरं होतं.”

निवृत्तीआधी दर पंधरवड्याची फेरी चालूच होती. शेवंतीकाकीचं घर त्या फेरीत होतं, ते वगळायची सोय नव्हती. मी अंगणात उभा राहून विचारायचो, “घरात कुणाक ताप?” आतून उत्तर यायचं नाही. कधी तिचा नवरा मान हलवून ‘नाही’ सांगायचा. मी भिंतीवरच्या कार्डावर तारीख टाकून निघायचो. वर्षाहून जास्त काळ हे असंच चाललं.

नोकरीच्या शेवटच्या महिन्यात विचारलं, तेव्हा आतून काकीचा आवाज आला. “माका आसा. दोन दिस.”

ती ओटीवर येऊन बसली आणि हात पुढे केला. मी बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. वही काढून लिहू लागलो.

“काय लिवतंस?” तिने विचारलं.

“नाव, वय, ताप किती दिस.”

“वाचून दाखय.”

मी वाचलं. शेवंती, वय अठ्ठावन्न, ताप दोन दिवस, खोकला नाही, रक्तनमुना घेतला, पट्टीचा क्रमांक, आजची तारीख.

“आणि?”

“आणि खाली सही.”

“कर.”

मी सही केली. ती पेनाकडे बघत होती. पेन कागदावरून उचललं तोवर बघत राहिली. मग तेच बोट माझ्यापुढे धरून म्हणाली, “कापूस देवक विसरलंस.”